कनेरगाव नाका ते न्हावा शेवा : इम्पोर्टेड गाडीची कुंडली

आधी एक गोष्ट कबूल करतो. माझ्याकडे कार नाही. घरी एक स्प्लेंडर आहे, तीही वडिलांची. पण हॉस्टेलवर रात्री दोन वाजता 'स्कायलाइन भारी की सुप्रा भारी' हा वाद सुरू झाला की पहिला आवाज माझाच असतो. हॉस्टेलच्या अर्ध्या कॉम्प्युटरवर अजूनही 'मोस्ट वाँटेड' चालतो आणि उरलेल्या अर्ध्यांवर त्याचे वॉलपेपर आहेत. त्यामुळे या विषयावर लिहायला मला कोणी सांगायची गरजच नव्हती. पण लिहायचं कारण वेगळं आहे.

मागच्या महिन्यात मेसमध्ये एका मित्राने मोबाईल पुढे केला. दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार, चकाचक, किंमत फक्त नऊ लाख! "अरे, बाहेरून आलेली आहे. पेपर दोन महिन्यांत होतात म्हणे. पप्पांना सांगून दोन लाख टोकन देऊ का?" सगळे म्हणाले, घे लेका, पार्टी दे. माझ्या मात्र पोटात गोळा आला. कारण 'पेपर दोन महिन्यांत होतात' हे वाक्य मी आधी ऐकलंय. आमच्या गावात, मामाच्या गॅरेजमध्ये.

आमचं गाव म्हणजे नाका

हिंगोलीहून वाशीमकडे निघालात की जिल्हा संपता संपता आमचं कनेरगाव नाका लागतं. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. म्हणजे पूर्वी इकडे निजामाचं राज्य आणि तिकडे इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. निजामाच्या संस्थानात स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. आजोबा सांगायचे, हद्द ओलांडून माल आणायचा तर आधी करोडगिरी भरा, मग पुढे व्हा. संस्थान गेलं, करोडगिरी गेली, गावाच्या नावात नाका तेवढा राहिला.

अशा गावात मोठं झालेल्या पोराला गाड्या ओळखायचा नाद लागणारच. चहाच्या टपरीवर बसायचं आणि नंबर प्लेट वाचायच्या. एमएच ३८ आपली हिंगोली, ३७ वाशीम, ३० अकोला, २६ नांदेड, २२ परभणी. मग ट्रकचा आवाज ऐकून टाटा की लेलँड ते सांगायचं. चुकलं की चहाचे पैसे आपण द्यायचे. माझं शिक्षण तिथे सुरू झालं, इंजिनिअरिंग नंतर आलं.

मामाची लाल गाडी

२०१४ साल. मी चौथीत होतो. मामाचं नाक्यावर गॅरेज. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकल, जे येईल ते दुरुस्त करायचा. हात असा की बंद इंजिनवर कान ठेवला तरी रोग सांगेल. त्याला एका एजंटने एक लाल, दोन दारांची टोयोटा सेलिका दाखवली. नव्वदच्या दशकातली, खास जपानच्या बाजारासाठी बनलेली. साडेचार लाख. "परदेशातून आलेल्या माणसाची आहे, पेपर दोन महिन्यांत येतील." मामाने सोयाबीनचे पैसे, मामीचे दागिने आणि सोसायटीचं कर्ज एकत्र करून गाडी आणली. आख्खं गाव बघायला लोटलं. मी तर शाळा बुडवली.

दोन महिन्यांचे पाच महिने झाले. शेवटी एक आर.सी. आली, परराज्यातली. मामाने ती उन्हात धरून वाचली आणि मटकन खाली बसला. त्यावर इंजिन लिहिलं होतं ७९६ सीसी! दोन लिटरच्या सेलिकाला मारुती ८०० चा जन्मदाखला. कुठल्यातरी भंगारात गेलेल्या गाडीचे कागद हिला चिकटवले होते. एजंटचा फोन त्या दिवसापासून बंद.

पुढचं नंतर सांगतो. आधी हे समजून घेऊ, की अशी गाडी भारतात कायदेशीर येते तरी कशी. हे गणित मामाला त्या वेळी माहीत असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

दरवाजे मोजकेच

पहिला दरवाजा : कोरी गाडी. ती आधी कुठेही रजिस्टर झालेली नको, विकलेली नको. स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, हेडलाइट आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसे हवेत. ती ठरावीक बंदरांतून आणि विमानतळांवरूनच उतरते. आपल्याकडे त्यात न्हावा शेवा येतं. शिवाय होमोलोगेशन लागतं, म्हणजे हे मॉडेल भारताच्या सुरक्षितता आणि प्रदूषणाच्या नियमांत बसतं याची तपासणी. एका मॉडेलच्या चार गाड्या विकायच्या आणि त्यासाठी गाड्या टेस्टिंगला द्यायच्या, हे कंपनीला परवडत नाही. म्हणून २०१८-१९ मध्ये नियम सैल झाले. युरोप किंवा जपानचे दाखले असतील तर वर्षाला २५०० गाड्यांपर्यंत इथली पूर्ण चाचणी माफ.

दुसरा दरवाजा : वापरलेली गाडी. इथेच सगळे फसतात. गाडी बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको. स्टिअरिंग उजवीकडेच. आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच येऊ शकते. आता आपल्या लाडक्या गाड्यांकडे बघा. स्कायलाइनची आर ३४ जीटी-आर बनली १९९९ ते २००२. जुन्या सुप्राचं उत्पादन २००२ ला थांबलं. म्हणजे आज कोणी सांगितलं की 'आत्ताच जपानहून मागवली, सगळं लीगल', तर तो एक तर स्वतः फसलाय किंवा तुम्हाला फसवतोय. अमेरिकेत बरोब्बर उलटं आहे. तिथे पंचवीस वर्षं जुनी झाली की गाडी आणायला मोकळीक. म्हणून इंटरनेटवर अमेरिकन पोरं जुनी स्कायलाइन बंदरावरून घरी नेताना दिसतात. त्यांचा नियम आपल्याला लागू नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

तिसरा दरवाजा : व्हिंटेज. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्या आणता यायच्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही अट बदलून किमान पन्नास वर्षं जुनी अशी झाली. पण ड्युटी माफ नाही आणि आणलेली गाडी इथे विकता येत नाही.

चौथा दरवाजा : कार्ने. हा गाडीचा व्हिसा समजा. परदेशातला मालक आपल्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबकडे तारण ठेवून एक पुस्तक घेतो. त्यावर गाडी साधारण सहा महिन्यांसाठी ड्युटी न भरता येते आणि परत जाते. मुंबईत किंवा केरळात अरबी अक्षरांची प्लेट लावलेली एखादी अफाट गाडी दिसली तर बहुतेक वेळा ती अशी आलेली असते. ती पाहुणी आहे. तिला विकत घ्यायचा विचारसुद्धा करू नका, कारण मुदतीत परत गेली नाही की ती कस्टम्सच्या लेखी चोरटा माल ठरते.

आणि पाचवा दरवाजा म्हणजे भिंत फोडून. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने भूतानमार्गे चोरून आणलेल्या वापरलेल्या महागड्या गाड्यांवर धाडी घातल्या, त्या कारवाईचं नाव 'ऑपरेशन नुमखोर'. गाड्या ज्यांच्या दारातून उचलल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे आर.सी. होतीच. आर.सी. असणं आणि गाडी कायदेशीर आलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका कोटीचे सव्वातीन कोटी

आता गणित. एक कोटी रुपयांची कोरी परदेशी स्पोर्ट्स कार घ्या. एक कोटी म्हणजे गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा धरून बंदरावरचा आकडा. २०२५ च्या बजेटमध्ये ४० हजार डॉलरच्या वरच्या गाड्यांसाठी ठरलेले दर लावू.

मूळ कस्टम ड्युटी ७० टक्के आणि शेती-पायाभूत सुविधा सेस ४० टक्के, मिळून ११० टक्के. म्हणजे १ कोटी १० लाख. झाले २ कोटी १० लाख. आता या एकूण रकमेवर, म्हणजे ड्युटीवरसुद्धा, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे. म्हणजे ८४ लाख. झाले २ कोटी ९४ लाख. आता आरटीओ. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला एकरकमी २० टक्के कर. त्याला आधी २० लाखांची कमाल मर्यादा होती, १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. एकूण ३ कोटी २४ लाख! विमा, डीलरचं कमिशन आणि गाडी आल्याचे पेढे वेगळे.

वापरलेली असेल तर स्वस्त पडेल असं वाटतं ना? तिची ड्युटी उलट जास्त, १३७.५ टक्के. एक कोटीच्या वापरलेल्या गाडीचे जीएसटीसकट ३ कोटी ३२ लाख ५० हजार होतात. जुनी गाडी नवीपेक्षा महाग! सरकारचा हेतू उघड आहे, दुसऱ्या देशांचं भंगार आपल्याकडे येऊ नये.

ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला सही झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. पण ती सवलत संख्येने बांधलेली आहे, आणि आपल्या मेसमधल्या नऊ लाखांच्या गाडीला तिचा काही उपयोग नाही.

सचिनलाही ड्युटी चुकली नाही

ड्युटी किती जड असते याचा सगळ्यात गाजलेला किस्सा आपल्या सचिनचा. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेनाची चावी मिळाली. गाडी भेट, पण ड्युटी? ती गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, १ कोटी १३ लाख. २००३ मध्ये सरकारने ती माफ करायचं ठरवलं आणि देशभर गदारोळ झाला. सामान्य माणूस कर भरतो, मग यांना सूट का, म्हणून प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. शेवटी ड्युटीचा भार फियाटने उचलला. पुढे २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली, आणि तिच्यावरून सुचलेला सिनेमा आपण सगळ्यांनी बघितलाय.

हौस मात्र मराठी माणसाला आधीपासून आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची सुपरचार्ज्ड ड्यूझेनबर्ग घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. मोटारींच्या इतिहासात ती आजही 'होळकरांची ड्यूझेनबर्ग' म्हणून ओळखली जाते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक तर दसऱ्याला रस्त्यावर येते. ज्याला बघायची त्याने तिकडे जावं, तिकीट नाही.

ओळखायची कशी?

आता खरा आनंद. गाडी विकत घ्यायला सव्वातीन कोटी लागतात, ओळखायला फुकट!

कानाने सुरुवात करा. फेरारीच्या व्ही-एटचा क्रँकशाफ्ट फ्लॅट-प्लेन असतो, म्हणजे क्रँकपिन १८० अंशांवर. स्फोट एकदा या बँकेत, एकदा त्या बँकेत, असे आळीपाळीने होतात. त्यामुळे आवाज वर चढत जातो, किंचाळल्यासारखा. अमेरिकन व्ही-एटचा क्रँक क्रॉस-प्लेन, ९० अंशांचा. प्रत्येक बँकेत स्फोट विषम अंतराने होतात, म्हणून तो घुमतो. जुन्या सुबारूचं बॉक्सर इंजिन अडखळत गुरगुरतं, कारण तिच्या एक्झॉस्टच्या नळ्या कमीजास्त लांबीच्या असतात. माझदा आरएक्स-७ मध्ये पिस्टनच नाही. दोन त्रिकोणी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. कागदावर आपल्या हॅचबॅकएवढं इंजिन!

मग डोळ्याने. मागचे चार गोल दिवे दिसले की स्कायलाइन किंवा जीटी-आर. चाकाला पाच नटांऐवजी मधोमध एकच मोठा नट असेल तर ती रेसिंगच्या घराण्यातली. टायरवर डॉट लिहिलेल्या ओळीचे शेवटचे चार आकडे बघा. ३५१९ असेल तर टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. 'आत्ताच आणली' म्हणणाऱ्याच्या गाडीचे टायर दहा वर्षांचे निघाले तर समजून जा.

आणि भारतात अधिकृतपणे आलेल्या दुर्मिळ गाड्या विसरू नका. मित्सुबिशी लान्सर इव्हो टेन इथे २०१० मध्ये आली. निसानने ३७० झेड त्याच वर्षी आणली, तर जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये १ कोटी ९९ लाखांना. आपल्या देशातलीही आहेत की! फायबरच्या बॉडीची, छोट्या रेनो इंजिनची सॅन स्टॉर्म आणि २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिसलेली डीसी अवंती. रस्त्यावर सॅन स्टॉर्म दिसली तर फेरारीपेक्षा जास्त टाळ्या वाजवा, ती जास्त दुर्मिळ आहे.

गाडीची खरी जन्मपत्रिका

शेवटचं आणि महत्त्वाचं, चेसिस नंबर. जगभर १७ अक्षर-आकड्यांचा व्हीआयएन असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पहिलं अक्षर देश सांगतं. जे म्हणजे जपान, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, झेड म्हणजे इटली. भारताचा नंबर एम ने सुरू होतो, मारुतीचा 'एमए३'. फेरारीचा 'झेडएफएफ', पोर्शेचा 'डब्ल्यूपी०'. अमेरिकेच्या गाड्यांत नववी जागा चेक डिजिटची. अक्षरांना आकडे द्या, प्रत्येकाला ठरलेल्या वजनाने गुणा, बेरजेला ११ ने भागा, बाकी ती यायला हवी. बाकी १० आली तर एक्स. ज्यांना मॅथ्समध्ये केटी आहे त्यांनीही करून बघा, मजा येते.

गंमत म्हणजे जपानच्या देशांतर्गत गाड्यांना हा १७ चा नंबरच नसतो. तिथे मॉडेलचा कोड आणि पुढे क्रमांक. स्कायलाइन आर ३२ जीटी-आर म्हणजे बीएनआर३२, जुनी सुप्रा म्हणजे जेझेडए८०. मामाच्या सेलिकावर ठोकलं होतं एसटी२०२. आर.सी. वर मात्र १७ अक्षरांचा नंबर, एम ने सुरू होणारा! लोखंड एक सांगत होतं, कागद दुसरंच.

तेव्हा कोणीही इम्पोर्टेड गाडी दाखवली की एवढं करा. बिल ऑफ एंट्री मागा, हाच तो ड्युटी भरल्याचा कस्टम्सचा कागद. त्याचा नंबर कस्टम्सच्या आइसगेट साइटवर तपासता येतो. वाहनच्या साइटवर नंबर टाकून कंपनी, इंधन आणि रजिस्ट्रेशनची तारीख बघा. मग बॉनेट उघडून चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा आणि तिन्ही कागदांशी जुळवा. उत्पादनाचं साल आणि भारतात आल्याचं साल यांत तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर दिसलं, तर व्हिंटेजची कागदपत्रं दाखव म्हणा. चारपैकी एक जरी जुळलं नाही तर टोकन सोडा, टेस्ट ड्राइव्हसुद्धा घेऊ नका. जप्ती झाली की गाडी जाते, पैसे जातात आणि वर चौकशीला तुम्ही.

मग मामाने काय केलं?

आर.सी. आल्यानंतर पंधरा दिवसांनी गॅरेजवर एक गिऱ्हाईक आलं. बाहेरगावचं, तरुण, वडील शिक्षक. गाडी बघूनच येडं झालं होतं. पाच लाख रोख द्यायला तयार. मामाचे साडेचार लाख सुटत होते, वर पन्नास हजार. मामी दारात उभी होती, तिच्या गळ्यात काळी पोत तेवढी राहिली होती. मी स्टुलावर बसून सगळं ऐकत होतो.

मामाने बॉनेट उघडलं. त्या पोराला चेसिस नंबर दाखवला, मग आर.सी. दाखवली आणि म्हणाला, "आधी कागदं पाय बाप्पा, मंग गाडी पाय." पोरगं गेलं. दुसऱ्या दिवशी मामाने स्वतः जीपला दोर बांधून सेलिका पोलीस ठाण्यात नेऊन लावली आणि तक्रार दिली. सोसायटीचं कर्ज फेडायला त्याला चार वर्षं लागली. गाडी तिथल्या बाभळीखाली गंजली. पैसे आले नाहीत, पुढे येतील असंही काही नाही.

आता वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू झालाय. सुट्टीत घरी गेलो की मामा आणि मी स्प्लेंडरवर मालेगावच्या पुढे जातो, पुलाच्या वर थांबतो आणि खालून जाणाऱ्या गाड्या ओळखतो. मामा अजूनही आवाजावरूनच सांगतो, आणि चहाचे पैसे बहुतेक वेळा मीच देतो.

मेसमधल्या त्या मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याने विकणाऱ्याकडे बिल ऑफ एंट्री मागितलं. तिकडून उत्तर आलं, "भाई, तू टेन्शन मत ले." मित्राने त्याच रात्री नंबर ब्लॉक केला. दोन लाख वाचले, पार्टी मात्र अजून बाकी आहे. हा लेख त्याने वाचला असेल, अशी आशा करतो!